नवीन पंखा घ्यायच्या आधी मीटरखाली जाऊन उभे राहा

मे महिन्याचं लाइट बिल आलं की आमच्या घरी दरवर्षी तोच कार्यक्रम. आई म्हणणार एसीमुळे, बायको म्हणणार तुझ्या त्या सेट टॉप बॉक्समुळे, पोरगा काहीच म्हणणार नाही कारण त्याचा कॉम्प्युटर रात्री दोनपर्यंत चालू असतो हे त्याला पक्कं माहितीये, आणि मी सगळ्यांवर ओरडून दोन दिवस बटणं बंद करत फिरणार, तिसऱ्या दिवशी परत ये रे माझ्या मागल्या. दोन वर्षांपूर्वीच्या मे मध्ये ४१२ युनिटं आली, लालबागच्या वन बीएचकेत, चार माणसांत. तेव्हा म्हटलं आता भांडायचं नाही, मोजायचं.

तर हे जे खाली लिहितोय ते त्या मोजण्यातून आलंय. मी इलेक्ट्रिशियन नाही, पण आता आमच्या मजल्यावर लोक मला बिल दाखवायला येतात, एवढी प्रगती झालीये.

पहिलं काम, बिल उलटं करून बघा. रक्कम नाही, टप्पे बघा. मुंबईत तुमची वीज बेस्टची असो, अदानीची, टाटाची किंवा मुलुंड-भांडुपकडे महावितरणची, घरगुती दराचे टप्पे सगळीकडे असेच, ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. पहिली १०० युनिटं स्वस्त, मग महाग, मग अजून महाग. इथे बऱ्याच जणांना वाटतं की ३०१ वं युनिट पडलं की सगळीच युनिटं वरच्या दराने लागतात, म्हणून महिनाअखेरीला ३०० च्या आत राहायची धडपड चालते. तसं नाहीये. फक्त वरची युनिटं वरच्या दराने लागतात, खालची खालच्याच. पण याचा अर्थ असा की तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी सगळ्यात महागातलं असतं, कारण कमी होतं ते वरून. म्हणजे हिशोब करताना एकूण बिल भागिले युनिटं असा सरासरी दर काढू नका, तुमच्या शेवटच्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणून द्यायचे पैसे, मिळवा, वर १६ टक्के वीज शुल्क लागतं ते मिळवा. आपण इथे सोपं पडावं म्हणून युनिटला १० रुपये धरू, तुमचा आकडा तुम्ही टाका.

दुसरं काम, रीडिंग लिहायला लागा. आमच्याकडे दूधवाल्याचं, इस्त्रीवाल्याचं, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्यांचं सगळं कालनिर्णयवर असतं, तिथेच दर रविवारी सकाळी मीटरचा आकडा लिहायचा. दोन-तीन रविवार झाले की आपल्या घराचा आठवड्याचा खुराक कळतो, आणि मग एखाद्या आठवड्यात पाहुणे आले की किती वाढला, एसी चार दिवस बंद होता तेव्हा किती उतरला, हे बिलाची वाट न बघता दिसतं. बिल येतं तेव्हा महिना संपलेला असतो, त्यावर नुसती चिडचिड होते.

आता तिसरं, आणि हे जरूर करा. रात्री साडेदहाच्या सुमारास मोबाइलचा टॉर्च घेऊन मीटररूममध्ये जा. आमची मीटररूम म्हणजे जिन्याखालची अंधारी खोली, लाकडी बोर्डावर ओळीने मीटर, खाली कुणाची तरी पंक्चर सायकल, गेल्या गणपतीचं मखर आणि एक मांजर. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटी लाल लाइट लुकलुकत असते. एका युनिटला ती किती वेळा लुकलुकणार हा आकडा मीटरच्या तोंडावरच छापलेला असतो, माझ्यावर ३२०० आहे, काहींवर १६०० असतो. एका युनिटात ३६ लाख वॅट-सेकंद असतात, त्या ३६ लाखाला मीटरवरच्या आकड्याने भागा, माझ्यासाठी ते ११२५ झालं. आता दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातात ते मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, जे येईल तेवढे वॅट तुमचं घर या क्षणाला खातंय. लाइट पटापट लुकलुकत असेल तर एकेक मोजू नका, वीस लुकलुकींना किती वेळ लागला ते बघा आणि वीसने भागा. मीटरला हात लावायचा नाही, सील तर अजिबात नाही, फक्त बघायचं.

घरात एक माणूस ठेवा, फोनवर. "आता एसी लाव." "लावला." मोजा. "आता बंद कर, गिझर लाव." मोजा. बायको पहिल्या दहा मिनिटांत वैतागली पण नंतर तिलाच मजा यायला लागली. आमचा जुना दीड टनाचा साधा एसी, वीस लुकलुकींना १३ सेकंद, म्हणजे १७०० वॅटच्या वर. टीव्ही बंद, सेट टॉप बॉक्स चालू, तेवढ्यानेच मीटर हलत होतं.

मग शेवटी म्हटलं आता घरातला मेन स्विच पाड. तिने पाडला, घरात पूर्ण अंधार, पोरगा ओरडला. आणि माझ्या मीटरची लाल लाइट बंद व्हायला पाहिजे ना, तर दर २३ सेकंदांनी एकदा, टुक. परत २३ सेकंद, टुक. गणित केलं तर साधारण ४९ वॅट. घरात काहीही चालू नसताना. पंधरा मिनिटं मी त्या मांजरासोबत उभा होतो, डोकं चालेना. दुसऱ्या दिवशी वायरमनला घेऊन वायर धरून धरून वर गेलो, तर आमच्या मजल्यावरच्या पॅसेजची ट्यूबलाइट. जुनी ३६ वॅटची ट्यूब आणि वर तिचा चोक, झाले पन्नास. कधीतरी पॅसेजचं काम झालं तेव्हा कुणीतरी सोसायटीच्या मीटरऐवजी सगळ्यात जवळची वायर धरली, ती नेमकी माझ्या मेन स्विचच्या अलीकडची. रोज बारा तास धरले तरी महिन्याला १८ युनिटं, आणि किती वर्षं हे चालू होतं ते विचारू नका.

"म्हणजे अख्ख्या मजल्याचा उजेड आपल्या पैशाने?" आई म्हणाली. कमिटीकडे गेलो तर उत्तर मिळालं, "अहो इतकी वर्षं जळतेय ना, आत्ता काय झालं एकदम?" असो. ती वायर आता सोसायटीच्या मीटरवर गेलीये.

सगळ्यांकडे असं निघेल असं नाही, पण मेन पाडल्यावर मीटर चालू दिसलं तर लायसन्सवाल्या वायरमनला बोलवा किंवा वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा. स्वतः वायरी उपटत बसू नका.

आता आकडे हातात आले की पुढचं सोपं आहे, वॅट गुणिले तास भागिले हजार म्हणजे युनिटं. इथे माणूस फसतो तो वॅट बघून. मिक्सर ५०० वॅटचा, पण दिवसाला पाच मिनिटं चालतो, महिन्याला सव्वा युनिट. पंखा ७५ वॅटचाच पण चौदा तास फिरतो, महिन्याला साडेएकतीस. आमच्या घरी मिक्सर लावला की आई पंखा बंद करायची, लोड येतो म्हणून, आणि मिक्सर झाला की पंखा परत चालू. तिचं चुकत नव्हतं, जुन्या वायरिंगमध्ये फ्यूज उडायचा म्हणून ती सवय लागली होती, पण बिलाचा चोर तो पंखाच होता.

म्हणून पंखा आधी. साधा सीलिंग फॅन फुल स्पीडला ७० ते ८० वॅट घेतो, बीएलडीसी पंखा २८ ते ३५. यात जादू काही नाही, आत कायमचं चुंबक असतं आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट मोटर चालवतं, त्यामुळे जुन्या मोटरीत जी वीज नुसती तापण्यात जाते ती वाचते. चौदा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला १८-१९ युनिटं कमी, म्हणजे आपल्या दहाच्या हिशोबाने १८०-१९० रुपये, पंखा तीन हजारांचा धरला तर सोळा-सतरा महिन्यांत वसूल. पण घरातले सगळे पंखे एकदम बदलू नका हां. आमचा किचनचा पंखा दिवसाला तीन तास चालतो, त्याला वसूल व्हायला सहा वर्षं लागतील, तो मी ऑफिसातल्या एकाचं ऐकून बदलला, नसता बदलला तरी चाललं असतं. हॉलचा आणि बेडरूमचा, बास. बसवताना भिंतीवरचा रेग्युलेटर काढून तिथे साधं बटण लावायला सांगा, बहुतेक बीएलडीसीला रेग्युलेटर चालत नाही, सर्किट उडू शकतं. आणि रिमोट हरवतो, हे लिहून ठेवा, आमचा आता टीव्हीच्या बाजूला दोरीने बांधलाय.

पंखा बदलायचा नसेल तर निदान जुना डब्यासारखा रेग्युलेटर असेल तो काढा. तो आत रेझिस्टन्स तापवून स्पीड कमी करतो, म्हणजे पंखा हळू फिरतो पण त्या मानाने बिल उतरत नाही, हात लावून बघा, गरम लागेल. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोन-तीनशे रुपयांत येतो. पंखा फुलवर पण मरगळल्यासारखा फिरत असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, पन्नास-शंभराचं काम. आणि पंख्याने खोली गार होत नाही, अंगावरचा घाम सुकतो म्हणून आपल्याला गार वाटतं, त्यामुळे "येईन दोन मिनिटात" म्हणून रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कुणाचंच भलं करत नाही.

एसीवर जरा जास्त बोलतो, कारण मे मध्ये माझ्या ४१२ मधली अडीचशे त्याचीच होती.

आधी एक गोष्ट, नागपूर-संभाजीनगरच्या नातेवाइकांचं ऐकून कूलर आणू नका. कूलर पाणी हवेत मुरवून गार करतो, आणि मुंबईच्या हवेत आधीच इतका दमटपणा की अजून पाणी मुरायला जागाच नसते, खोलीत फक्त चिकचिक वाढते. आपल्याकडे एसीचं बरंचसं काम गार करणं नसून हवेतलं पाणी पिळून काढणं असतं, बाहेर पाइपातून जे टपटपतं ना खालच्याच्या छत्रीवर, तेच ते. एक लिटर पाणी हवेतून काढायला चांगल्या एसीला साधारण ०.२ युनिट लागतं. आता विचार करा, पावसाळ्यात जीन्स सुकत नाहीत म्हणून कितीतरी घरांत त्या एसीच्या खोलीत दोरीवर टाकतात. जीन्समधलं सगळं पाणी एसी पैसे घेऊन बाहेर काढतो. सुकतात लवकर, खरंय. पण ते ड्रायर भाड्याने लावल्यासारखं झालं.

दुसरं, टेंपरेचर. बीईई म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, जी स्टारचं लेबल देते, तिचं म्हणणं की एकेक डिग्री वर नेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि जानेवारी २०२० पासून नवीन एसी चालू केला की २४ वरच चालू व्हावा असा नियम पण आहे. आम्ही २० वर लावून वर गोधडी घेऊन झोपायचो. पोराचा युक्तिवाद असा की १८ वर लावलं की लवकर गार होतं मग वाढवू. नाही होत. साधा एसी १८ वर असो नाहीतर २६ वर, कॉम्प्रेसर चालू असताना सारखाच जोर लावतो, फक्त १८ वर तो थांबतच नाही. इन्व्हर्टर एसी, म्हणजे ज्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो तो, पण खोली तापलेली असली की आपणहून जोरात पळतो. आता आम्ही २६ आणि पंखा दोनवर. पहिले चार दिवस सगळे कुरकुरले. मग सवय झाली. टायमर लावून पहाटे पाचला बंद, त्यानंतर खोली तासभर तरी गार राहते.

तिसरं, कबुतरं. हसू नका. आमचा आउटडोअर युनिट खिडकीच्या ग्रिलमध्ये आहे, आणि त्या ग्रिलमध्ये काय काय होतं सांगतो, दोन रिकाम्या कुंड्या, एक बादली, पोराच्या लहानपणीची तीनचाकी आणि युनिटच्या मागे कबुतरांचं घरटं, विष्ठेचा थर बोटभर. आउटडोअर युनिटचं काम खोलीतली गरमी बाहेर फेकायचं, त्याला मागून हवा घ्यायची असते आणि पुढून सोडायची असते. मागची जाळी चोंदली की तो तीच गरम हवा परत परत ओढतो, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि बिल वाढतं. तोंडाला मास्क लावून सगळं साफ करा, मागे-पुढे हातभर मोकळी जागा ठेवा, कबुतरं परत बसू नयेत म्हणून जाळी मारा पण युनिटला चिकटवून नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी, वरळी, दादर चौपाटी, वर्सोवा, खाऱ्या हवेने पत्रे आणि कॉइल लवकर गंजतात, वर्षातून दोनदा तरी साध्या पाण्याने धुऊन घ्यायला सांगा. आतला फिल्टर तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी स्वतः काढून नळाखाली धरायचा, त्याला माणूस बोलवायची गरज नाही.

आणि माणूस बोलावलात तर एक लक्षात ठेवा. माझ्याकडे सर्व्हिसिंगला आलेल्या एकाने हात लावायच्या आधीच सांगितलं, "गॅस कमी झालाय साहेब, भरावा लागेल." एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता भरला तर दोन महिन्यांत परत जाणार. मी म्हटलं आधी प्रेशर मोजून दाखवा, मग लीक दाखवा. मग तो म्हणाला आधी धुऊन बघू. धुतल्यावर झकास चालला, गॅसचा विषय परत निघालाच नाही.

खोलीच्या फटी पण बघा, म्हणजे आपल्या स्लायडिंग खिडक्या कधीच नीट बंद होत नाहीत, कडेला ब्रशची पट्टी असते ती झडलेली असते, दहा-वीस रुपये फुटाने मिळते. दाराखाली जुन्या चादरीची गुंडाळी. एसीचा पाइप भिंतीतून जातो त्या भोकात एम-सील. ही सगळी शंभर-दोनशे रुपयांची कामं आहेत आणि दमट हवा आत यायची थांबली की एसीचं अर्धं दुखणं कमी. वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅब दिवसभर तापून रात्री खोलीत ओकत राहतो, गच्चीवर पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट मारायची परवानगी सोसायटीकडून घ्या, त्याने फरक कळतो. पश्चिमेच्या खिडकीला दुपारी बाराच्या आधीच जाड पडदा, ऊन आत येऊन गेल्यावर नाही.

नवीन एसी घ्यायचा असेल तर लेबलवरचे स्टार मोजू नका, त्याच्या खालचं साल बघा. बीईई दर काही वर्षांनी नियम कडक करते, त्यामुळे दुकानात पडून राहिलेला जुन्या सालचा फाइव्ह स्टार नवीन नियमात खाली उतरू शकतो. त्याच लेबलवर वर्षाला किती युनिटं तो आकडा पण असतो, दोन मॉडेलमध्ये भांडण लावायचं तर त्या आकड्यावरून लावा. आम्ही नवीन घेतला नाही. तोच जुना, साफ केलेला, २६ वर.

फ्रिज चोवीस तास चालतो म्हणून त्याची भीती जास्त, पण लहान सिंगल डोअर चांगल्या स्टारचा असेल तर वर्षाला दीडशे-दोनशे युनिटांच्या आसपासच खातो. बिघडलेला असला की मात्र खातो, आणि मुंबईच्या किचनमध्ये त्याचे हाल असतात. एका बाजूला शेगडी, दुसऱ्या बाजूला भिंत, वर डब्यांचा डोंगर, मागे वितभर पण जागा नाही. मागून चार-सहा इंच मोकळे ठेवा. दाराच्या रबराची परीक्षा अशी, दहाची नोट दारात अर्धी धरून दार लावा आणि ओढा, सहज सुटली तर तिथून गारवा गळतोय. आमच्या फ्रिजची खालच्या कोपऱ्यातली नोट अशी निघाली जशी पाकिटातून काढली. रबर बदललं. आधी नुसतं साबणाच्या पाण्याने पुसून बघा, कधीकधी पिठाच्या चिकट थरामुळेच दार बसत नाही. डायरेक्ट कूलवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या फ्रिजमधला बर्फ आपोआप वितळत नाही त्यांनी, फ्रीझरमध्ये बर्फाचा थर बोटभर व्हायची वाट बघू नका, अर्धा सेंटिमीटर झाला की डिफ्रॉस्ट. गरम आमटीचं पातेलं आत ढकलू नका. आणि रात्री फ्रिज बंद करायची आयडिया सोडून द्या, सकाळी तो सगळा गारवा परत कमावतो, वर दूध नासतं ते वेगळं.

गिझरबद्दल थोडक्यात, कारण मुंबईत त्याची गरजच थोडी. नळाचं पाणी आपल्याकडे वर्षातले आठ-नऊ महिने कोमटच असतं. वीस लिटरची बादली २६ डिग्रीवरून ४० वर न्यायला साधारण ०.३३ युनिट लागतं, म्हणजे चार माणसांची अंघोळ सव्वा युनिटाच्या आसपास. हे कमी करायचं तर बादलीच, शॉवर नाही. खरा तोटा होतो तो स्टोरेज गिझर सकाळपासून रात्रीपर्यंत चालू ठेवल्याने, तो पाणी गरम करतो, ते गार होतं, परत करतो. अंघोळीच्या आधी पंधरा-वीस मिनिटं लावा, एकामागोमाग एक सगळे जा, आणि थर्मोस्टॅट ६० वरून ५० वर आणा. कुणी गॅस गिझर सुचवेल, स्वस्त पडतो म्हणून. पडतो, पण बंद बाथरूममध्ये लावला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस आत बेशुद्ध पडतो. लावायचाच तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. बिलाचे शंभर रुपये जिवापेक्षा मोठे नाहीत.

बारीकसारीक गोष्टींत सेट टॉप बॉक्स खरंच चोर निघाला, बायको बरोबर होती. रिमोटने बंद केला तरी तो आत जागाच असतो, दहा वॅट धरले तर महिन्याला सात युनिटं. रात्री भिंतीवरचं बटण बंद. त्याउलट मोबाइलचा चार्जर प्लगमधून काढा वगैरे जो सल्ला फिरत असतो ना व्हॉट्सअ‍ॅपवर, फोन न लावलेला चांगला चार्जर पाव वॅट पण घेत नाही, महिन्याला दोन-तीन रुपयांचा पण प्रश्न नाही. त्यावरून घरात भांडू नका. ट्यूबलाइट जुन्या असतील तर २० वॅटची एलईडी बॅटन, पन्नासच्या जागी वीस. पोराचा कॉम्प्युटर स्लीपवर टाकायला शिकवला, रात्री दोनचं काही झालं नाही.

पावसाळ्यात एक वेगळाच खर्च असतो, हॉलमध्ये दोरीवर कपडे आणि खाली रात्रभर पंखा. साधा पंखा आठ तास म्हणजे ०.६ युनिट, रोज, तीन महिने. त्यापेक्षा वॉशिंग मशीनमध्ये कपडे एकदा जास्तीचे स्पिन करा, पाच मिनिटांत त्यातलं इतकं पाणी निघतं की निम्मं काम तिथेच होतं. आणि धुताना गरम पाण्याचं सेटिंग कधीतरीच, फ्रंट लोडमध्ये मोटर फारशी खात नाही, आतला हीटर खातो.

गॅस पण यातच मोडतो. घरी पाइपचा गॅस असेल तर पैसे वाचवायला म्हणून इंडक्शनच्या मागे लागू नका, मुंबईच्या वीजदरात ते सहसा उलटंच पडतं. कुकरची शिट्टी झाली की आच लगेच बारीक, कारण आतलं पाणी जितकं तापायचं तितकं तापलेलं असतं, पुढच्या शिट्ट्या म्हणजे नुसती वाफ बाहेर फेकणं. चवळी, वाटाणे, राजमा रात्रीच भिजत घाला. ज्योत पिवळी दिसली किंवा पातेल्याचं बूड काळं व्हायला लागलं की बर्नरची भोकं टाचणीने साफ करा. आमच्या आईला हे सांगायची गरज पडली नाही, तिनेच मला सांगितलं.

राहिली सोसायटी. मेंटेनन्समध्ये जे कॉमन लाइट बिल लपलेलं असतं ते पण आपल्याच खिशातून जातं, पंप, लिफ्ट, जिन्याच्या लाइट. गच्चीवरची टाकी वाहते तेव्हा नुसतं पाणी जात नाही, ते वर चढवायला लागलेली वीज पण खाली वाहते, टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवून घ्या. गच्ची मोकळी असेल तर सोलरचं बोला, फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये सबसिडी आहे, आणि एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावली न पडणारी जागा लागते, दिवसाला चारेक युनिटं मिळतात. आमच्या मीटिंगमध्ये हा विषय तीनदा अजेंड्यावर आला आणि तिन्ही वेळा पार्किंगच्या भांडणात वाहून गेला.

पुढच्या मे मध्ये आमची २५८ युनिटं आली. पॅसेजमध्ये ट्यूबच्या जागी सोसायटीने सेन्सरची एलईडी बसवली, माणूस आला की लागते, हालचाल थांबली की मिनिटभरात विझते. समोरचे काका कुलूप उघडायला वेळ लावतात, त्यामुळे रोज संध्याकाळी त्यांना पिशवी खाली ठेवून डोक्यावर हात हलवावा लागतो, आणि तो हलवताना ते माझ्या दाराकडे बघतात.